अक्षरजुळणीचं दुकान लिनक्सवर नेलं

आषाढी एकादशी झाली की आमच्या दुकानातलं लग्नपत्रिकांचं काम थांबतं. तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, आणि दिवाळी अंकांचा मजकूर यायला श्रावण उजाडतो. मधले तीन-चार आठवडे तेवढे आमचे मोकळे. २०२५ च्या जुलैमध्ये त्याच दिवसांत मी दुकानातले रोजच्या कामाचे दोन्ही कॉम्प्युटर विंडोजवरून लिनक्स या मोफत, खुल्या सिस्टिमवर नेले.

साताऱ्यात मी २००२ पासून अक्षरजुळणी करते. लग्नामुंजीच्या पत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, दोन दिवाळी अंक, वर्षाकाठी सात-आठ पुस्तकं. छापखाना आमचा नाही. आम्ही मजकूर जुळवतो, मुद्रितं म्हणजे प्रूफं तपासून घेतो, पानं लावतो आणि प्रेसला पीडीएफ देतो. माझ्याबरोबर दुकानात एक काकू आहेत. त्यांनी टाइपरायटरवर मराठी चाळीसची परीक्षा दिली तेव्हा मी शाळेत होते.

हे सगळं करायला निमित्त झालं विंडोज १० चं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा आधार संपणार होता, म्हणजे अपडेट यायचे थांबणार होते. वर्षभराची वाढीव मुदत मिळत होती, पण त्यानंतर प्रश्न पुन्हा तिथेच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमचं एक मशीन चौथ्या पिढीचं, दुसरं सहाव्या. दोन्ही धडधाकट. दिवसभर काम करणारं चांगलं मशीन केवळ एका अटीत बसत नाही म्हणून भंगारात घालायचं, हे मला पटेना.

दुसरं कारण मी आजवर फारसं कुणाला सांगितलं नव्हतं. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर सोडलं तर आमच्याकडचं एकही मोठं सॉफ्टवेअर विकत घेतलेलं नव्हतं. क्रॅक केलेली सीडी कुणीतरी द्यायचं, आम्ही टाकायचो. आमच्या भागातल्या बहुतेक दुकानांत हेच चालायचं. पण एका लेखकाचं पुस्तक त्याला न विचारता कुणी छापलं तेव्हा मला राग आला होता, आणि त्या रागाबरोबर हेही मनात येऊन गेलं होतं की आपण रोज काय करतो. ते डोक्यातून गेलं नाही.

सुरुवात मी चुकीची केली. यादी काढली: पेजमेकर, कोरलड्रॉ, फोटोशॉप, वर्ड, एक्सेल. मग प्रत्येकासमोर 'याच्याऐवजी काय' असं शोधत बसले. आठवडा गेला. जे सापडे ते उघडायचं आणि नेहमीचं बटण नेहमीच्या जागी नाही म्हणून बंद करायचं. माझा भाचा पुण्याला नोकरीला आहे, लिनक्सवरच काम करतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "आत्या, सॉफ्टवेअरची यादी फाड. आठवड्यात तुझ्या दुकानातून काय काय बाहेर जातं ते लिही."

मी बिलबुक घेऊन बसले. तीन महिन्यांची बिलं बघून मागच्या कोऱ्या पानावर लिहीत गेले. पत्रिका: प्रेसला पीडीएफ, गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर जेपीजी. अहवाल: सीएकडून एक्सेलमध्ये ताळेबंद, अध्यक्षांचं मनोगत वर्डमध्ये, सभेचे फोटो. कादंबरी: हस्तलिखित, डेमी आकार, एकरंगी, चित्रं नाहीत. दिवाळी अंक: जाहिराती रंगीत, आतली पानं काळी. पासपोर्ट फोटो. बायोडेटा. फ्लेक्सचं डिझाइन. ती यादी बघितल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की आम्ही कादंबरीसारखं साधं पुस्तकही पेजमेकरमध्ये लावत होतो, ते केवळ हाताला सवय होती म्हणून. पेजमेकर आलं १९८५ मध्ये, त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ ची, आणि २००४ मध्ये अडोबीने त्याचं पुढचं कामच थांबवलं. मी ते शिकून दोन वर्षं होतायत तोवर ते संपलेलं होतं, आणि आम्ही पुढची वीस वर्षं त्याच्याभोवती दुकान चालवलं.

लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी लिनक्स मिंट निवडलं ते मुख्यतः काकूंसाठी. डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. बसल्या बसल्या काम करता येईल असं. मिंटची २२ ची मालिका उबुंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकाराच्या २४.०४ आवृत्तीवर बेतलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. भाच्याने एका पेनड्राइव्हवर मिंट घालून दिलं. पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं की हार्डडिस्कला हात न लावता सगळी सिस्टिम वापरून बघता येते. ज्यांना बदलायचं आहे त्यांनी हे नक्की करावं, आणि पहिल्या दिवशी प्रिंटर तपासावा.

आमचा तिथेच अडला. काळ्या शाईचा छोटा लेझर प्रिंटर, अशा दुकानांत सर्रास दिसणारा. लिनक्सला तो दिसायचा, पण कागद बाहेर यायचा नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरचा ड्रायव्हर बराच जुना निघाला. भाच्याने दोन रात्री घालवल्या, एकदा पान आलं, परत नाही. शेवटी मी त्याला थांबवलं. मुद्रितांची प्रिंट रोज लागते, तिथे 'कधी येतं कधी नाही' चालत नाही. जुन्या बाजारातून नेटवर्कवर चालणारा प्रिंटर घेतला. तो असा घेतला की त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, सिस्टिम स्वतः ओळखते. स्कॅनर मात्र लावला तसा चालला.

मग टायपिंग. माझ्या मते मराठी माणसासाठी या सगळ्या खटाटोपात सगळ्यात आधी सुटायला हवा तो हाच प्रश्न, आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा फार चांगला सुटला. लिनक्समध्ये आयबस नावाची सोय असते, तिच्यात एम१७एन नावाचा संच घालायचा. त्यात मराठीच्या नावाखाली कीबोर्डच्या मांडण्या मिळतात: इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन, फोनेटिक, आणि गमभनसुद्धा आहे. मी फोनेटिकवाली, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी चाव्या दाबणारी, माझं तासाभरात भागलं. काकू रेमिंग्टनवाल्या, म्हणजे टाइपरायटरच्या मांडणीच्या. त्यांनी अर्धं पान टाइप केलं आणि हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "ताई, बाकी सगळं ठीक आहे, पण काही अक्षरं जागेवर नाहीत."

आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमधलं रेमिंग्टन आणि हे रेमिंग्टन यांत थोडा फरक होता. काही जोडाक्षरं आणि विरामचिन्हं दुसऱ्या चाव्यांवर होती. विंडोजवर असतो तर 'आता सवय करा' म्हणाले असते. पण एम१७एनमधला प्रत्येक कीबोर्ड म्हणजे एक साधी मजकुराची फाइल असते. कुठली चावी दाबली की कुठलं अक्षर, अशी ओळीखाली ओळ. भाच्याने त्या फाइलीची प्रत काकूंच्या फोल्डरमध्ये काढली, व्हिडिओ कॉलवर बसला आणि काकू सांगत गेल्या: "इथे श्र पाहिजे. इथे त्र. पूर्णविराम इथे." त्याने ओळी बदलल्या, आयबस पुन्हा चालू केलं, आणि काकूंनी पान पूर्ण केलं. चाळीस वर्षं ज्या बोटांना एक वळण आहे त्या बोटांप्रमाणे कीबोर्ड बदलला, उलट झालं नाही. त्या दुपारी माझा निर्णय झाला. बाकी काहीही अडलं तरी परत जायचं नाही.

वर्ड-एक्सेलच्या जागी घेतलेल्या लिबरऑफिसने पहिले दोन दिवस मात्र मला छळलं. फॉन्ट बदलायचे तर मराठी बदलायचं नाही, आकार बदलायचे तर इंग्रजी आकडे तेवढे मोठे व्हायचे. कारण कळल्यावर सोपं वाटलं. लिबरऑफिस रोमन लिपीचा फॉन्ट आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा फॉन्ट वेगवेगळा धरतं. ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून तिथे मराठी निवडायचं, आणि परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये दोन्हींचे फॉन्ट आणि आकार ठरवून टाकायचे. वरच्या पट्टीतून हाताने आकार बदलण्याची सवय सोडली तर त्रास उरत नाही. तशीही ती सवय वाईटच. तीनशे पानांच्या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाचा मथळा हाताने ठळक करणारी मी, आता एका जागी स्टाइल बदलते आणि सगळे मथळे बदलतात.

इथे एक गोष्ट बघायला मिळाली, ती अक्षरजुळणीतल्या माणसाला फार मोलाची आहे. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमाला प्रमाणित केली तेव्हा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठीची रूपं ठरवून दिली. पण संगणकावर बऱ्याचदा हिंदी वळणाचे ल आणि श येतात, आणि आमचे जुने लेखक त्यावर खूण करून मुद्रित परत पाठवतात. मी नोटो देवनागरी फॉन्टमध्ये 'शाळेला' असा शब्द टाइप केला होता. मजकूर निवडून त्याची भाषा हिंदीवरून मराठी केली, आणि डोळ्यांसमोर श ला देठ आला, ल च्या पाकळ्या उमलल्या. फॉन्ट तोच, शब्द तोच. फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, आणि भाषा सांगितली की योग्य रूप पुढे येतं. लोहितमध्येही तसंच आहे. तिरो देवनागरीची तर मराठीसाठी वेगळी आवृत्तीच आहे. पुस्तकाच्या मजकुराला आम्ही आता बहुतेक तीच वापरतो. मथळ्यांना मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला 'मुक्त' नावाचा फॉन्ट, कधी 'यशोमुद्रा'. हे सगळे फॉन्ट खुल्या परवान्याचे, पुस्तकात, पत्रिकेत, कुठेही वापरा.

गिऱ्हाइकांच्या वर्ड फाइलींची अडचण वेगळी. त्या बहुधा मंगल किंवा निर्मलामध्ये असतात, ते फॉन्ट लिनक्सबरोबर येत नाहीत, म्हणून दुसरा फॉन्ट लागतो आणि पानं पुढेमागे सरकतात. इंग्रजीला कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो आहे, टाइम्स आणि एरियलच्या मापाचे लिबरेशन आहेत. मंगलसाठी तसं माप जुळणारं काही मला मिळालं नाही. आमच्या दृष्टीने त्याने बिघडत नाही, कारण पानं आम्हीच नव्याने लावतो. पण एखाद्याला दुसऱ्याने लावलेली वर्ड फाइल जशीच्या तशी छापून द्यायची असेल तर त्याने सोबत पीडीएफ मागावी. आम्ही आता मागतोच.

पानं लावण्यासाठी स्क्रायबस. याबद्दल मी आधी नाही असंच ठरवलं होतं, कारण बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा उघडून पाहिलं तेव्हा जोडाक्षरं फुटलेली दिसली होती. तेव्हा ते खरंच होतं. देवनागरीसारख्या लिप्यांची मांडणी त्यात २०१७ च्या १.५.३ पासून नीट होऊ लागली, आणि जानेवारी २०२४ मध्ये १.६ ही स्थिर आवृत्ती आली. आता 'राष्ट्रीय', 'उद्ध्वस्त', 'ज्ञानेश्वरी' सगळं जसं हवं तसं येतं. पेजमेकर येणाऱ्या माणसाला स्क्रायबस परकं वाटत नाही: मास्टर पेज आहे, चौकटी एकमेकींना जोडून मजकूर ओतता येतो, गाइडलाइन आहेत. फक्त एका सलग जोडणीत शंभर-दीडशे पानांचा मजकूर ओतला की ते जड चालतं. म्हणून आम्ही लेखागणिक वेगळी फाइल करतो आणि शेवटी पीडीएफ अरेंजरमध्ये पीडीएफ एकत्र करतो. मजकुरातल्या दुरुस्त्या चौकटीत न करता स्टोरी एडिटरमध्ये करायच्या, म्हणजे वेळ वाचतो.

कादंबऱ्या तर स्क्रायबसमध्येही नेत नाही. लिबरऑफिसच्या रायटरमध्येच डेमीचं पान, डाव्या-उजव्या पानांच्या वेगळ्या स्टाइल, प्रकरण नेहमी उजव्या पानावर, पृष्ठांक बाहेरच्या बाजूला, आणि थेट पीडीएफ. ती पीडीएफ घोस्टस्क्रिप्ट नावाच्या साधनातून करड्या रंगात काढून घेते, म्हणजे प्रेसवर एकाच प्लेटचं काम राहतं.

रंगाची गोष्ट मला प्रेसवर शिकावी लागली. पत्रिकांसाठी आणि जाहिरातींसाठी कोरलड्रॉच्या जागी इंकस्केप घेतलं होतं. देवनागरी त्यात उत्तम येते, वळणावर मजकूर बसवता येतो, गणपती, कलश, तोरण अशी जुनी चित्रं असलेल्या सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉच्या, फाइली बऱ्याचशा उघडतात. उघडत नाहीत त्या नव्या आवृत्तीतल्या. आणि उघडल्या तरी आतला जुन्या फॉन्टमधला मजकूर कचरा होऊन येतो, म्हणून जुनं मशीन बंद करण्यापूर्वीच नेहमीच्या डिझाइनांचा मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, ठेवावा. पण इंकस्केप आरजीबीमध्ये, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, काम करतं. दिवाळी अंकातली एक पानभर जाहिरात मी त्यातून थेट पीडीएफ करून पाठवली. दुसऱ्या दिवशी प्रेसमधून फोन: "ताई, तुमचा काळा चारही प्लेटांवर आलाय. बारीक टाइप आहे, जरा रजिस्टर हललं की वाचता येणार नाही."

छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी, आणि ते रंग एकमेकांवर नेमके बसणं म्हणजे रजिस्टर. प्लेट त्यांनी अजून काढली नव्हती, म्हणून निभावलं. तेव्हापासून नियम केला: इंकस्केपमधून फक्त चित्र आणायचं, अक्षरं स्क्रायबसमध्ये टाकायची आणि त्यांना निव्वळ काळा, शंभर टक्के के, द्यायचा. पीडीएफ काढण्यापूर्वी स्क्रायबसच्या प्रिव्ह्यूमध्ये निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा हे चारही रंग एकेक करून बंद-चालू करून बघता येतात. काळा सोडून बाकी तिन्ही बंद केले की अक्षरं जागेवर दिसली पाहिजेत. काळा बंद केला की नाहीशी झाली पाहिजेत. विंडोजवर असताना मी हे इतक्या काळजीने कधी बघितलं नव्हतं.

फोटोचं काम गिंपमध्ये होतं. पासपोर्ट फोटो, पार्श्वभूमी काढणं, काळ्या पानांसाठी करडा रंग, एवढंच आमचं. ज्याला थेट सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या त्या चार रंगांत, रंगवायचं असेल त्याने क्रिता बघावं. हिशेब कॅल्कमध्ये, जीएसटीचं सीएकडे, व्हॉट्सॲप ब्राउझरमध्ये. यात सांगण्यासारखं काही नाही, चाललं.

पर्याय मिळाला नाही तो पत्रिकांच्या नक्षीदार अक्षरांना. 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' ज्या वेलबुट्टीच्या वळणात लिहायची लोकांना हौस असते, ते फॉन्ट जुन्या पद्धतीचे आहेत. मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या पाट्यांवरून केलेला यात्रा आहे, गुबगुबीत मोदक आहे, हाताने लिहिल्यासारखा कलम आहे. छान आहेत, पण वधूच्या आईच्या डोक्यात तिच्या बहिणीच्या मुलीच्या पत्रिकेतलं अक्षर असतं. तिला 'हा फॉन्ट खुल्या परवान्यात नाही' असं मी सांगणार नाही. म्हणून तिसरं, सगळ्यात जुनं मशीन आहे तसं ठेवलंय. त्यात जुनी विंडोज, मराठी सॉफ्टवेअर, त्याचा मागे लावायचा डोंगल, ज्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही. नेटची वायर काढून टाकली आहे. तिथे नाव लिहायचं, कर्व्ह करायचं, एसव्हीजी या चित्राच्या फाइलीत करून पेनड्राइव्हने इंकस्केपमध्ये आणायचं. ज्या दिवशी कुणी तशी अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या पद्धतीत, करील त्या दिवशी ते मशीनही उतरवीन, आणि त्या फॉन्टचे पैसे आनंदाने देईन.

आता ज्या कामाने मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलंय त्याच्याकडे येते. हे सगळं करताना कळलं की आमची खरी अडचण विंडोज नव्हतीच. अडचण होती कपाटातल्या सीड्या आणि हार्डडिस्क. वीस-बावीस वर्षांचा मजकूर, शेकडो फाइली, सगळ्या जुन्या फॉन्टमध्ये. अशा फाइलीत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेली असतात इंग्रजी चिन्हं, आणि फॉन्ट त्या चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवतो. फॉन्ट गेला, डोंगल बिघडला, की मजकूरही गेला. ज्यांची पुस्तकं आम्ही केली त्यातले काही लेखक आज नाहीत. त्यांच्या घरच्यांकडे छापील प्रती असतील, पण त्यांचे शब्द शब्द म्हणून आमच्याच कपाटात आहेत, आणि तेही कुलपात.

ऑगस्टमध्ये एक निवृत्त गुरुजी आले. जावळी खोऱ्यातल्या त्यांच्या गावाबद्दलचं पुस्तक आम्ही २००६ मध्ये केलं होतं. दुसरी आवृत्ती काढायची होती. फाइल पेजमेकरची. स्क्रायबसमध्ये ती उघडली, चौकटी जागच्या जागी आल्या, आत मात्र चिन्हांचा कचरा. जुन्या मशीनवरून नुसता मजकूर काढून आणला आणि भाच्याने तो युनिकोडमध्ये बदलण्यासाठी एक तक्ता करायला घेतला. जुनं चिन्ह एका बाजूला, युनिकोडचं अक्षर दुसऱ्या बाजूला. वाटतं तेवढं सरळ नाही ते. जुन्या फॉन्टमध्ये तुकडे डोळ्याला दिसतात त्या क्रमाने असतात: 'कि' लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये क आधी. रफार तिकडे अक्षराच्या नंतर येतो, इकडे आधी. चिन्हाला चिन्ह एवढीच अदलाबदल केली तर 'कार्यक्रम'चं 'कायर्क्रम' होतं आणि 'सर्व'चं 'सवर्'. इंटरनेटवरच्या जुन्या मराठी मजकुरात असे शब्द सगळ्यांनी पाहिलेत. ते याच वाटेने आलेले. म्हणून वेलांटी आणि रफार उचलून योग्य जागी नेणारे वेगळे नियम लिहावे लागले.

सगळ्यात चिवट निघाला अर्धा ऱ. आमच्या जुन्या फॉन्टमध्ये 'ऱ्या'मधला तो आडवा तुकडा कधी एका चिन्हाने यायचा, कधी दोन. गावजेवणाच्या प्रकरणात वाक्य होतं, आचाऱ्यांना सुपारी दिली. बदललेल्या मजकुरात आलं, आचार्यांना सुपारी दिली. दोन्ही शब्द बरोबर, दोन्ही वाक्यं बरोबर, अर्थ मात्र स्वयंपाक्याकडून विद्वानाकडे गेला. पुढे 'दऱ्याखोऱ्यां'ची 'दर्याखोर्यां' झालेली दिसली. शुद्धलेखन तपासणीच्या हाती 'आचार्य' लागलाच नसता.

यावर तोडगा मला सुचला याचा आनंद अजून आहे. टेसरॅक्ट नावाचं छापील अक्षर ओळखणारं सॉफ्टवेअर आहे; एचपीच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं, २००५ मध्ये खुलं झालेलं, आणि त्याला मराठी येतं. पहिल्या आवृत्तीच्या छापील प्रतीची पानं मी ३०० डीपीआयला स्कॅन केली आणि टेसरॅक्टकडून वाचून घेतली. त्याच्याही चुका होतात, अनुस्वार सुटतो, घ चा ध होतो. पण तक्त्याच्या चुका वेगळ्या आणि त्याच्या चुका वेगळ्या. मग दोन्ही मजकूर मेल्ड नावाच्या साधनात शेजारी शेजारी लावले. जिथे दोघं सारखे तिथे पुढे जायचं. जिथे फरक तिथे रंग दिसतो, तिथे पुस्तक उघडून बघायचं. आचाऱ्यांची ओळ अशीच सापडली. दोनशे बारा पानं काकूंनी आणि मी नऊ दिवसांत तपासली. पहिल्यापासून टाइप करून, दोनदा मुद्रितं वाचायला आम्हाला महिना लागला असता, आणि नव्या चुका झाल्या असत्या त्या वेगळ्या.

दिवाळी अंक त्या वर्षी दोन्ही मिंटवरच झाले, वेळेत गेले. गुरुजींचं पुस्तक डिसेंबरात छापून आलं. प्रती न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, पुन्हा कधी काही बदलायचं झालं तर तुमच्याकडेच यावं लागेल ना?" मी त्यांना पेनड्राइव्हवर दोन फाइली दिल्या, एक पीडीएफ आणि एक नुसता मजकूर, आणि सांगितलं की ही दुसरी फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर, फोनवर उघडेल, माझ्याकडे आलात तर आनंदच आहे पण यावंच लागेल असं नाही. त्यांच्या नातवाने तिथेच फोनला जोडून ती उघडली. गुरुजींनी त्याला आपल्या आईचं नाव शोधायला सांगितलं. फोनने ते चौदा ठिकाणी दाखवलं. एकेक ठिकाणी थांबत, ओळ वाचत, गुरुजी बराच वेळ बाकावर बसून होते.

आता दर रविवारी दुपारी मी कपाटातल्या दोन फाइली काढते. आधी ज्यांचे लेखक हयात नाहीत त्या. तक्ता वाढत चालला आहे, कारण २००४ च्या आधी आम्ही दुसरा फॉन्ट वापरायचो आणि त्याची चिन्हं वेगळी होती. या रविवारी एका बालवाडीच्या बाईंची बडबडगीतं आहेत, चोवीस पानांची. त्यात ऱ एकदाच येतो.